वाडीभर वाटलेलं पोट

चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलं शिकवली. पण रत्नागिरी तालुक्यात मला कोणी मास्तर म्हणून ओळखत असेल तर तो माणूस बाहेरगावचा समजावा. मी पानाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, शेंडी पुढे, आणि जांभ्याच्या कातळावरून अनवाणी चालत सुटायचं. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो. माझा तर असा उभा राहायचा की शेजारच्या माडावरचे नारळसुद्धा सावधानमध्ये यायचे. एकदा खेडकडे एका पुढाऱ्याच्या परड्यात नारळ हातातून उडाला तो त्याच्या घराची दोन कौलं फोडून गेला. तिथे खणलं तर सात हातांवर पाणी लागलं आणि ते असं उसळलं की खणणाऱ्याची टोपी तिसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर मिळाली. खेडपासून गणपतीपुळं किती लांब, हे कृपा करून कोणी विचारू नये. पाण्याला वाटा ठाऊक असतात.

आता पेन्शन खातोय, फार खोटं बोलायची गरज उरलेली नाही, म्हणून सांगून टाकतो. नारळ हा लोकांच्या डोळ्यांसाठी. लोक नारळाकडे बघत असतात तेव्हा मी जमिनीकडे बघत असतो. चैत्रात गवताची कुठली पट्टी सगळ्यांत शेवटी वाळली, उंबर कुठे आपोआप उगवलाय, शेजाऱ्याच्या विहिरीत झरा कुठल्या बाजूने येतो. एवढं बघून झालं की जागा ठरते, आणि जागा ठरली की मनगट जरासं कलतं. पुढचं नारळ बघून घेतो. हे गुपित जगात दोघांनाच माहीत आहे असा माझा समज होता. एक मी आणि दुसरा नारळ.

माझ्या बायकोने आमच्या स्वतःच्या घरची विहीर मात्र मला दाखवू दिली नाही. "तुमचा नारळ लोकांकडे उभा राहू दे," म्हणाली, "आपल्याकडे मी उभी आहे." आणि दुपारी गुरं जिथे जाऊन बसायची तिथे तिने खणायला लावलं. ती विहीर आजवर एकदाही आटलेली नाही. गावात विचारलं तर मी सांगतो, ती मीच दाखवली.

तर या बाईच्या पोटात दुखायला लागलं. चैत्र संपत आला होता, फणस पिकले होते, आणि तिने बरक्या गऱ्यांचं अख्खं ताट एकटीने संपवलं होतं. दुखणारच. पण दुखणं चार दिवस हलेना म्हणून सोनोग्राफी केली. फणस निर्दोष सुटला. पित्ताशयात खडेही नव्हते. पण पोटाच्या पार मागे, स्वादुपिंडाच्या शेपटाशी, काहीतरी गोल दिसतंय असं निघालं. शहरात जाऊन डाय घालून सीटी स्कॅन करा, म्हणाले.

शहरातल्या त्या सेंटरमध्ये स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरबाई आहेत. वय असेल चाळीसच्या आसपास, उंचीने माझ्या खांद्याला, आवाज असा की मागच्या बाकावरच्या मुलालाही नीट ऐकू जावा. मी आयुष्यात नजरेची माणसं खूप पाहिली. मिरकरवाड्याच्या लिलावात कल्ल्याला अंगठा लावून मासा पहाटेचा की कालचा ते सांगणाऱ्या बायका पाहिल्या. पण या बाईंची गोष्टच वेगळी. त्या अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसतात, चाक फिरवतात, आणि माणसाचं पोट पुस्तकाची पानं चाळावीत तसं वरपासून खालपर्यंत चाळतात. जाता जाता सांगतात, "काकू, लहानपणी कधीतरी टीबी होऊन बरा झालाय तुमचा, माहीत आहे का?" बायकोला माहीत नव्हतं. तिच्या आईलाही माहीत नसावं.

आम्हाला आत बोलावून त्यांनी आधी माझ्याकडेच निरखून पाहिलं.

"मास्तर, तुम्हीच ना ते नारळवाले?"

मी छाती चार बोटं पुढे काढली. "कीर्ती पोहोचली म्हणायची तुमच्यापर्यंत."

"पोहोचली काय, आमच्या परसातच आहे. आमच्या बाबांची विहीर तुम्ही दाखवलीत. मी सातवीत होते तेव्हा."

"मग? लागलं ना पाणी?"

"लागलं की. वैशाखात आटतं. दरवर्षी कळशी घेऊन मी खालच्या वाडीत जायचे. माझी सगळी पाठांतरं त्या चढावर झालीत. डॉक्टर झाले ती तुमच्यामुळे. आभार मानायचे राहिले होते."

माझी बायको खोखो हसली. पोट धरून हसली, आणि दुखलं म्हणून कण्हली, आणि परत हसली.

मग डॉक्टरबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. राखाडी ढगांसारखं काहीतरी होतं आणि त्यात एक पांढरा ठिपका. करवंदाएवढा. चौदा मिलीमीटर, म्हणाल्या. त्याचं नाव न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असावं असा त्यांचा अंदाज होता. एवढ्या लांब नावाचा मुलगा आमच्या शाळेत असता तर हजेरीतच पहिला तास संपला असता. मला त्यातलं ट्यूमर तेवढं कळलं.

"स्वादुपिंडाच्या कॅन्सरबद्दल लोक जे ऐकून असतात तो हा नाही," त्या म्हणाल्या. "ही वेगळ्या पेशींची गाठ. यातल्या काही गाठी वर्षानुवर्षं गप्प बसून राहतात. काही मात्र लहान असतानाच यकृतात जाऊन संसार मांडतात."

बायकोने एकच प्रश्न विचारला. इतका सरळ प्रश्न मला चौतीस वर्षांत एकाही साहेबाने विचारला नव्हता. "ही पुढं काय करील?"

"तेच तर बघायचं असतं काकू. गाठ आहे हे सांगणं सोपं. पुढे काय करील ते चित्रावरून ओळखायचं, हे खरं काम."

आणि त्या सांगायला लागल्या. मी नुसता बघत राहिलो. डाय शिरेतून आत गेल्याबरोबर ही गाठ लख्ख उजळली, सगळीकडून सारखी, म्हणजे तिला रक्ताचा चांगला पुरवठा आहे. अशा गाठी बहुतेक वेळा शांत असतात. मंद राहणाऱ्या, ठिगळं लावल्यासारख्या दिसणाऱ्या असत्या तर त्यांना काळजी वाटली असती. हिची कड गोल, वाटाण्यासारखी गुळगुळीत. शेजारची नळी फुगलेली नाही. शिरेत शिरलेली नाही. यकृत स्वच्छ. एवढ्याशा ठिपक्याकडून या बाईंनी त्याचा स्वभाव, चालचलन, शेजाऱ्यांशी संबंध, सगळं काढून घेतलं होतं. मला गवताची पट्टी आठवली. माझीच विद्या, पण हिच्या हाती नारळ नव्हता.

"बहुतेक वेळा म्हणजे?" बायकोने विचारलं.

"म्हणजे नेहमी नाही."

दोन वाटा होत्या. एक, मुंबईला जाऊन ऑपरेशन. स्वादुपिंडाची शेपटी काढायची, बहुधा तिच्याबरोबर प्लीहाही जाणार, पुढे साखरेचा आजार जडू शकतो. दुसरी, काही न करता लक्ष ठेवायचं. पण लक्ष ठेवण्याच्या नादात गाठ आत पसरली तर मग पस्तावायलाही वेळ मिळायचा नाही. निर्णय मुंबईचे डॉक्टर घेणार होते. त्यांच्याकडे पाठवण्याआधी या बाईंना एक गोष्ट हवी होती.

"तीन वर्षांपूर्वी काकू काजूवरून पडल्या होत्या असं लिहिलंय इथे. तेव्हा डाय घालून सीटी झाला होता?"

झाला होता. दुसऱ्या एका सेंटरात. बरगडी मोडली होती, आत काही फुटलंय का ते बघायला.

"ते चित्र मला आणून द्या. त्यात ही गाठ केवढी होती ते दिसलं की निम्मं उत्तर हातात आलं. तीन वर्षांत वाढली असेल तर थांबायचं नाही. तेवढीच असेल तर काकूंचं पोट उघडायची घाई नाही. सीडी दिली असेल बघा. फिल्मपण दिल्या असतील."

"आहे ना," मी ताबडतोब म्हणालो. "कपाटात. मखमलीत गुंडाळून ठेवलीय."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. 

एसटीने निम्मी वाट कापली. मग खिडकीतून बाहेर बघतच ती म्हणाली, "मखमल कुठल्या काजूला लावलीत?"

खरं म्हणजे लावली मीच होती. आमच्याकडे वानरांचा ताप असा की झाडावर त्यांच्यासाठी खुर्च्या तेवढ्या ठेवायच्या बाकी आहेत. चकाकणारी सीडी दोऱ्याला बांधली की वानरं बुजतात, असं कोणीतरी सांगितलं म्हणून घरातल्या सगळ्या सीड्या मी काजूला टांगल्या. आरतीची, भाच्याच्या लग्नाची, आणि बायकोच्या पोटाची. वानरं पहिले दोन दिवस बुजली. तिसऱ्या दिवसापासून सीडीत बघून भांग पाडायला लागली.

घरी पोहोचल्याबरोबर मी वयाला न शोभेल अशा चपळाईने झाडावर चढलो. सीडी होती. तीन पावसाळे खाऊन तिची चकाकी पापुद्र्यासारखी सुटली होती आणि तिच्यातून पलीकडचं आभाळ स्वच्छ दिसत होतं. जुन्या सेंटरला फोन लावला तर ते बंद झालेलं. जागेत सोफासेटचं दुकान. तिथल्या माणसाने मला सोफा दाखवायची तयारी दर्शवली.

मी पडवीत ती सीडी हातात घेऊन बसलो. बायको आत गेली आणि बाहेर आली ती माझा नारळ घेऊन. तो नेहमीचा, हाताला बसलेला, शेंडी विंचरल्यासारखी. माझ्यासमोर पाटावर बसली आणि नारळ माझ्या तळहातावर ठेवला.

"फिरवा माझ्या पोटावरून. सांगा, वाढली का तेवढीच हाय."

"अगो, चेष्टा करू नको."

"चेष्टा नाय. अख्ख्या तालुक्याच्या पोटातला सांगता. माझ्या पोटातला सांगा."

मला आयुष्यात पहिल्यांदा नारळ जड लागला. "नाही सांगता येत," मी म्हणालो. "नारळाला काही कळत नाही. कधीच कळत नव्हतं."

"ता मना ठाऊक हाय. लगीन होऊन आले त्या वर्षीच कळला. डावं मनगट हलतं तुमचं." तिने नारळ काढून घेतला. "आता मी सांगते ता ऐका. फिल्मा मी कापल्या."

काय झालं होतं, तर जाड प्लास्टिकची फिल्म म्हणजे रांगोळीच्या छापाला सोनं. कात्रीने नक्षी कापायची, फिल्म जमिनीवर ठेवायची, वरून रंग चाळायचा, फिल्म उचलली की खाली कमळ. बरगडी जुळल्यावर बायकोने पोटाच्या तिन्ही फिल्मांचे छाप केले. एका फिल्मवर वीसएक छोटी चित्रं, म्हणजे पोटाचे साठेक काप. एकातून कमळ काढलं, एकातून गोपद्म, एकातून स्वस्तिक. छाप सुरेख झाले म्हणून दोन वाडीत गेले. गेल्या दिवाळीला आमच्या वाडीत दारोदार एकसारखी गोपद्मं आणि स्वस्तिकं उमटली होती आणि मी स्वतः एका दारात उभा राहून म्हटलं होतं, वा, काय एकी आहे! माझ्या बायकोचं पोट वाडीभर वाटलं गेलं होतं आणि मी त्याचं कौतुक करत हिंडलो होतो.

निघालो गोळा करायला. पहिलं घर धाकट्या भावाचं. भावजय अंगणात कुळीथ पाखडत होती.

"काय शोधताव भावोजी?"

"तुझ्या जाऊबाईचं पोट."

"आख्खी बाई घरी बसवून पोट कशाला शोधत फिरताव?" ती म्हणाली. पण माझं तोंड बघून सूप खाली ठेवलंन, आत गेली, आणि गोपद्माचा छाप घेऊन आली. गुलाबी रंगाने भरलेला. सगळं ऐकल्यावर तिने तो पदराने पुसायला घेतला तसा मी ओरडलो, "पुसू नको! ओरखडे पडतील." मग तिने तो दोन्ही हातांवर आडवा धरून आमच्या घरापर्यंत आणला, पालखी आणावी तसा.

स्वस्तिक वाडीच्या टोकाला राहणाऱ्या म्हातारीकडे होतं. ती चुलीसमोर बसली होती आणि त्याच फिल्मने चुलीला वारा घालत होती. कडा वळून काळ्या पडल्या होत्या, निम्मी चित्रं कोळसा झाली होती.

"मास्तरीणबाईंच्या पोटातला हाय व्हय ह्या?" ती म्हणाली. "तरीच चूल अशी झकास पेटते."

राहिलं कमळ. ते आमच्याच घरी होतं, पण त्याला आठ पाकळ्यांची आठ भोकं. मी कपाळावर हात मारला. बायकोने शांतपणे बटणांचा डबा आणून माझ्यासमोर पालथा केला. बटणं, हुक, नाड्यांची टोकं, आणि त्यात कापलेल्या आठही पाकळ्या. या बाईने आयुष्यात काही फेकलेलं नाही. मला सुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सेंटरात. मी पिशवीतून छाप काढून टेबलावर ठेवले. डॉक्टरबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"मखमल कुठाय?" त्यांनी विचारलं.

"उडाली," मी म्हणालो.

"कमळ कोणी कापलं?"

"मी," बायको म्हणाली. मान वर करून म्हणाली.

"हात छान आहे काकू. सर्जन व्हायला हवं होतं." आणि ओल्या कापसाने त्यांनी रंग टिपायला सुरुवात केली. हळू, एकेक चित्र. बाहेर पेशंट ताटकळले होते, पण बाईंनी घाई केली नाही. भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर फिल्म चढवली. गोपद्मात फुफ्फुसाची टोकं निघाली. चुलीतल्या स्वस्तिकात कंबरेची हाडं. म्हणजे जे हवं ते कमळातच होतं.

मग बायको उठली आणि एकेक पाकळी परत भोकात बसवायला लागली. कुठली कुठे, हे तिच्या हाताला माहीत होतं. डॉक्टरबाई सेलोटेपचे तुकडे कापून देत होत्या. पोट जिचं, जुळवणारीही तीच. मी आजवर शंभर गोष्टी रचून सांगितल्या, पण ही एक मला वाढवून सांगता येत नाही. आहे तीच पुष्कळ आहे.

पाचव्या पाकळीला डॉक्टरबाईंनी हात धरला. "थांबा."

मला काही दिसेना. ढग, ढग आणि पाकळीची चीर. त्यांनी भिंग घेतलं, टोकदार काटा घेतला, फिल्मच्या कडेला छापलेल्या मोजपट्टीवर तो टेकवून बघितला. परत टेकवला. तिसऱ्यांदा टेकवला. या वेळात मी श्वास घेतला नाही. चार मिनिटं तरी असतील. बायको म्हणते दहा सेकंद.

"कात्री अगदी मधून गेलीय," त्या म्हणाल्या, "तेव्हा एखादा मिलीमीटर इकडेतिकडे. पण तेरा-चौदा. तेवढीच आहे. तशीच गोल, तशीच उजळ."

बायकोने पाकळीवर बोट ठेवलं. "ही? हीच ती?"

"हीच."

मला राग आला. "म्हणजे तेव्हा होती! आणि कोणी पाहिली नाही?"

"तेव्हा सगळे मोडलेली बरगडी आणि प्लीहा बघत होते, मास्तर. आणि तेच बघायला हवं होतं. इथे काहीतरी आहे हे माहीत असलं की दिसतं. माहीत नसताना मीही कदाचित पुढे गेले असते." दुसऱ्याची चूक हाती लागलेली असताना ती अशी खाली ठेवणारा माणूस मी फार वेळा पाहिलेला नाही.

मुंबईच्या डॉक्टरांना त्यांनी एक पानाचं पत्र लिहिलं. लिहिता लिहिता मला म्हणाल्या की हल्ली मोठ्या ठिकाणी कॉम्प्युटरलाही हे शिकवतात. अशा गाठींची पुष्कळ चित्रं त्याला दाखवायची, कुठली पुढे पसरली आणि कुठली गप्प राहिली तेही सांगायचं. मग आपल्या डोळ्याला न दिसणारा गाठीचा पोत तो मोजतो आणि अंदाज बांधतो. अजून शिकतोय, म्हणाल्या, पूर्ण भरवसा टाकावा एवढा झालेला नाही.

"म्हणजे पानाड्याच की हो तो!" मी खूश होऊन म्हणालो.

"आहे. फक्त त्याला आटलेल्या विहिरीही दाखवतात. तुम्ही किती बघितल्यात?"

 पाणी लागलं की हार घालून घ्यायला मी प्रत्येक विहिरीवर गेलो होतो. वैशाखात एकाही विहिरीवर गेलो नव्हतो.

मुंबईला एक वेगळा स्कॅन झाला. त्यात असं औषध टोचतात की ते या जातीच्या गाठींनाच जाऊन चिकटतं, आणि जिथे चिकटेल तिथे चित्रात दिवा लागतो. मूत्रपिंडं वगैरे उजळतातच, ते धरायचं नाही. ते सोडून बायकोच्या अख्ख्या अंगात एकच दिवा लागला, त्याच जागी. पुढे तोंडातून दुर्बीण घालून सुईने थोड्या पेशी काढल्या. त्याही गरीब स्वभावाच्या निघाल्या. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी रत्नागिरीचं पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "तीन वर्षांपूर्वीचं माप यांना कुठून मिळालं?" बायको म्हणाली, "रांगोळीतून." त्यांनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिलं, आणि चष्मा परत लावून लिहिलं की तूर्त ऑपरेशन नको, लक्ष ठेवावं. आधी सहा महिन्यांनी, मग दरवर्षी.

सहा महिन्यांनी चित्र काढलं. चौदा. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट हातात दिला तेव्हा मी जुन्या सवयीने विचारलं, "मग आता छातीठोक सांगू का लोकांना, काही होणार नाही म्हणून?"

"छातीठोक तुम्ही सांगा. मी सांगणार नाही. लक्षणं चांगली आहेत एवढं सांगेन, आणि पुढच्या वैशाखात परत बोलवेन." मग म्हणाल्या, "रात्री झोप लागते का काकू?"

"लागते. ह्यांना नाय लागत."

हे खरं आहे, म्हणून इथे वाढवत नाही.

यंदाच्या वैशाखात स्कॅनच्या आदल्या आठवड्यात आम्ही डॉक्टरबाईंच्या माहेरी गेलो. बोलावणं नव्हतं. त्यांचे वडील अंगणात आमसुलं वाळत घालत होते. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. वर्षानुवर्षं ज्याच्या विहिरीने लेकीला उन्हात चढ चढायला लावला, त्याला बघून माणूस खुलतो हे कोकणातच शक्य.

"आलात मास्तर! नारळ आणलात का? त्या कडेला दुसरी खणावी म्हणतोय."

विहिरीत वाकून बघितलं. तळाला चिखल, त्यावर एक बेडूक. त्याने माझ्याकडे असं बघितलं की तोही मला ओळखत असावा. मी दोर सोडला, खोली मापली, आणि जिथे ओल संपत होती तिथे आत उतरून जांभ्याच्या चिऱ्यावर चुन्याने एक आडवी रेघ मारली. वर आलो तो धापा टाकत.

"हे काय?" वडील म्हणाले.

"हे यंदाचं माप. विहीर वर्षभरात काय करते ते बघू. आणखी खणून ती टिकेल की दुसरीच लागेल, ते मग सांगतो."

"आणि नारळ?"

मी बायकोकडे बघितलं. तिने पिशवीत हात घातला, नारळ बाहेर काढला, यंदाचा ताजा, पण तसाच शेंडी विंचरलेला, आणि विहिरीच्या काठावर आपटून सरळ फोडला. पाणी पेल्यात धरून वडिलांपुढे केलं.

"घ्या," म्हणाली. "एवढा पाणी हमखास."

ते प्यायले. खोबरं आम्ही तिघांनी खाल्लं. निघताना त्यांनी रेघेकडे पुन्हा एकदा वाकून बघितलं आणि विचारलं, "मग परत कधी येणार म्हणायचे?"

 बायकोने करवंट्या पिशवीत टाकल्या आणि चपला पायात सरकवल्या.

"पुढल्या वैशाखात," ती म्हणाली. "माझा स्कॅन पण तेव्हाच असतो. दोन्ही एकाच खेपेत बघून घेऊ."